साताऱ्याखालची लाल रेघ

संगणकावर मराठी लिहिणारा 'सातारा' टाइप करतो आणि शब्दाखाली लाल नागमोडी रेघ उमटते. तो राइट क्लिक करतो, 'ॲड टू डिक्शनरी' निवडतो, रेघ जाते. पुढच्या ओळीत 'साताऱ्याला' येतं आणि रेघ पुन्हा हजर. तोही शब्द कोशात भरून होतो. मग सहकाऱ्याने पाठवलेली फाइल उघडली जाते, तिच्यात तोच 'साताऱ्याला', काना-मात्रेचा फरक नाही, आणि त्याच्याखाली लाल रेघ! इथे बहुतेक जण सॉफ्टवेअर बिघडलं म्हणून मोकळे होतात.

गंमत अशी की या तिन्ही वेळा यंत्राचं बरोबर असतं. आपण ज्याला शब्द म्हणतो ती वस्तू त्याने कधी पाहिलेलीच नसते. ते नेमकं काय पाहतं हे शोधत गेलं, की शब्दकोशाची दुरुस्ती हे कंटाळवाणं काम राहत नाही.

सुरुवात एका अजब शब्दकोशापासून करू. १९७५ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये स्टीव्ह जॉन्सन यांनी युनिक्ससाठी 'स्पेल' नावाचा प्रोग्रॅम एका दुपारात लिहिला. मजकुरातले शब्द सुटे करायचे, अकारविल्हे लावायचे, यादीशी ताडून पाहायचे आणि यादीत नसतील ते दाखवायचे, इतकंच त्याचं काम. पुढे त्यांचे सहकारी डग मॅकिलरॉय यांनी तो नव्याने घडवायला घेतला. अडचण जागेची होती. त्या वेळच्या पीडीपी-११ यंत्रावर प्रोग्रॅमला वापरायला मिळायचे ६४ किलोबाइट, आणि शब्द होते ३० हजार. शब्दामागे सरासरी सात अक्षरं धरली तरी दोन लाखांहून जास्त बाइट झाले.

मॅकिलरॉय यांनी शब्दच काढून टाकले. प्रत्येक शब्दावर एक ठरावीक गणित करायचं आणि त्यातून २७ बिटांचा एक आकडा मिळवायचा. कोशात फक्त हे आकडे ठेवायचे, तेही चढत्या क्रमाने लावून, आकडा न लिहिता मागच्या आकड्यापासूनचं अंतर तेवढं लिहायचं. शब्दामागे साधारण १४ बिट पुरले आणि सगळा कोश ५२ हजार बाइटांच्या आसपास मावला. मजकुरातल्या शब्दावरही तेच गणित करायचं. आलेला आकडा यादीत असेल तर शब्द बरोबर, नसेल तर चूक. २७ बिटांत १३ कोटी ४२ लाखांच्या वर आकडे बसतात आणि त्यांतले ३० हजारच भरलेले असतात. त्यामुळे एखादा चुकीचा शब्द योगायोगाने भरलेल्या आकड्यावर जाऊन पडण्याची शक्यता साडेचार हजारांत एक, इतकीच उरते.

म्हणजे ज्यात एकही शब्द नाही असा शब्दकोश, आणि तो उत्तम चालत होता! आजच्या यंत्रांना स्मृतीची अशी चणचण नाही, तरी मूळ व्यवहार तोच आहे. शब्दाचा अर्थ, उच्चार, त्याचा पडद्यावरचा आकार यांच्याशी यंत्राला कर्तव्य नसतं. त्याच्यासमोर आकड्यांची एक माळ येते आणि तशीच्या तशी माळ यादीत आहे का, एवढंच ते पाहतं. एक आकडा इकडचा तिकडे झाला की माळ वेगळी झाली.

आता आपण 'ॲड टू डिक्शनरी' म्हणतो तेव्हा शब्द जातो कुठे? वर्डच्या मुख्य कोशात तर नक्कीच जात नाही. त्याला आपण हात लावू शकत नाही. शेजारी 'कस्टम डॉट डिक' नावाची एक साधी मजकुराची फाइल असते, तिच्यात एका ओळीवर एक असे शब्द साठत जातात. विंडोजमध्ये ती वापरकर्त्याच्या ॲपडेटाखाली, मायक्रोसॉफ्टच्या 'यूप्रूफ' फोल्डरमध्ये सापडते. नवा संगणक घेतल्यावर वर्षानुवर्षं शिकवलेले शब्द गायब होतात ते बहुधा यामुळेच. लोक कागदपत्रं नव्या यंत्रावर नेतात. या लपलेल्या फोल्डरची आठवण कुणाला राहते?

लिबरऑफिसकडेही अशी फाइल असते. तिच्याही नावाअखेर 'डिक' असतं, पण आतली मांडणी निराळी. पहिल्या ओळीत फाइलच्या प्रकाराची खूण, मग भाषा, मग यादी होकारार्थी आहे की नकारार्थी, मग तीन आडव्या रेघा आणि त्यांच्याखाली शब्द. लिबरऑफिस ज्याच्या जोरावर शुद्धलेखन तपासतं त्या हंस्पेलच्या मुख्य कोशाचंही 'डिक'च, पण त्याच्या पहिल्या ओळीत शब्दसंख्येचा अंदाज लिहिलेला असतो. एकाच आडनावाची ही तीन वेगळी घराणी. एकाची फाइल दुसऱ्याच्या फोल्डरमध्ये टाकून 'शब्द का ओळखत नाही' म्हणून डोकं धरून बसलेली माणसं त्यामुळेच भेटतात.

फाइल उघडून हाताने शब्द भरण्यात आणखी एक खोच आहे. वर्डला ही यादी यूटीएफ-१६ पद्धतीने साठवलेली लागते. तिच्यात देवनागरीची प्रत्येक खूण दोन बाइट घेते. विंडोजचं नोटपॅड २०१९ पासून नवी फाइल आपणहून यूटीएफ-८ मध्ये जतन करतं आणि तिथे देवनागरीची खूण तीन बाइटांची होते. तीन-तीनच्या गटांत लिहिलेलं कुणी दोन-दोनच्या गटांत वाचलं, तर हाती काय लागणार? फाइल जुन्या एएनएसआय पद्धतीने जतन झाली तर त्याहून वाईट, कारण तिच्यात देवनागरीला जागाच नाही. प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह बसतं, फाइल बंद केल्यावर मूळ अक्षर परत आणता येत नाही आणि शेकडो शब्दांची यादी म्हणजे प्रश्नचिन्हांची रांग होऊन बसते. यूटीएफ-८ची फाइल युरोपीय लिपीची समजून उघडली गेली तर डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए पुन्हा पुन्हा दिसतो. तो दिसला तर उलट हायसं वाटावं, कारण देवनागरीच्या प्रत्येक खुणेचा पहिला बाइट एकच असतो आणि तोच हा ए. मजकूर शाबूत आहे, फक्त चुकीच्या चष्म्यातून वाचला जातोय.

भाषेच्या खुणेचा घोळ लवकर उरकण्यासारखा आहे, पण सतावतो फार. वर्ड मजकुराच्या प्रत्येक तुकड्याला भाषेचा क्रमांक चिकटवून ठेवतं: मराठी ११०२, हिंदी १०८१, कोकणी ११११, भारतीय इंग्रजी १६३९३. 'पाणी' हा शब्द मराठीचा की कोकणीचा, हे लिपीवरून ठरत नाही, क्रमांकावरून ठरतं. दुसरीकडून चिकटवलेला परिच्छेद आपला क्रमांक घेऊनच येतो. तुमच्या यादीला 'फक्त मराठी' अशी अट घातलेली असेल आणि परिच्छेद हिंदीचा म्हणून आला असेल, तर यादीकडे पाहिलंच जात नाही. 'ॲड टू डिक्शनरी' करडं पडून दाबता येत नसेल, तर भाषेचा असा विसंवाद, फक्त वाचण्यासाठी कुलूपबंद झालेली फाइल किंवा एकही यादी निवडलेली नसणं, या तीनपैकी एक कारण बहुधा निघतं. आणि मराठीची तपासणीची साधनं यंत्रावर बसवलेलीच नसतील तर एकही लाल रेघ येत नाही. तो शुकशुकाट पाहून लेखन निर्दोष असल्याचं समाधान मानणारेही आहेत.

आता पुन्हा साताऱ्याला.

इंग्रजीत गावाचं नाव एकदा कोशात घातलं की काम संपलं. मराठीत ते तिथे सुरू होतं. सातारा, साताऱ्याला, साताऱ्यात, साताऱ्याहून, साताऱ्याचा, साताऱ्याच्या, साताऱ्यातल्यांना, साताऱ्यापासूनच. विभक्तीचा प्रत्यय लागला, त्यावर शब्दयोगी अव्यय बसलं, वर 'च' किंवा 'सुद्धा' चढलं, असं करत एका नामाची शंभरी सहज भरते. माळ जुळवणाऱ्या यंत्राला हे सगळे वेगवेगळे शब्द वाटतात. शिवाय मराठी नाम आतूनही बदलतं. फूल, पण फुलाला. कोल्हापूर, पण कोल्हापुरात. पाऊस, पण पावसात. पुढे 'ला' चिकटवून भागत नाही, मागचं मोडून नव्याने बांधावं लागतं.

याच दुखण्यावरचा उपाय हंगेरीत तयार झाला, याचं मला फार अप्रूप वाटतं. हंगेरियन भाषेतही प्रत्ययावर प्रत्यय चढतात आणि इंग्रजीसाठी बनवलेले तपासनीस तिथे लंगडे पडायचे. लास्लो नेमेथ यांनी त्या भाषेसाठी जे साधन घडवलं तेच हंस्पेल, आणि आज ते लिबरऑफिसपासून फायरफॉक्स आणि क्रोमपर्यंत पसरलं आहे. त्याचा कोश दोन फायलींत असतो. एकीत मूळ शब्द आणि त्यांच्यापुढे खुणेची अक्षरं. दुसरीत त्या अक्षरांमागचे नियम. नियम सांगतो, शब्दाच्या शेवटचं इतकं काप आणि त्याजागी हे जोड. 'ूल' काप, 'ुलाला' जोड. 'रा' काप, 'ऱ्याला' जोड. प्रत्यय दोन थरांत सोलून काढायचीही सोय आहे, म्हणजे आधी 'सुद्धा' काढायचं, मग 'ला'. मराठीला हवं ते नेमकं हेच. व्याकरणाच्या पुस्तकात ज्याला सामान्यरूप म्हणतात, तेच या नियमात कात्री आणि डिंक होऊन येतं.

आपण स्वतः भरलेल्या शब्दाला ही चैन आपोआप मिळत नाही. तो फक्त शब्द म्हणून जातो, नियमांची खूण त्याच्यापाशी नसते. लिबरऑफिसच्या ६.० आवृत्तीपासून मात्र एक सुंदर सोय झाली आहे. विशिष्ट भाषेच्या यादीत शब्द भरताना शेजारच्या 'ग्रामर बाय' या रकान्यात एक ओळखीचा शब्द द्यायचा. नवा शब्द त्याच्यासारखा चालवावा, असा त्याचा अर्थ. शाळेत संस्कृतच्या तासाला 'देव' चालवला की 'राम' त्याच्यासारखा चालायचा, तीच रीत! 'सातारा' भरताना शेजारी 'वारा' लिहायचं. वाऱ्याला, म्हणून साताऱ्याला. वाऱ्यातून, म्हणून साताऱ्यातून. मुख्य कोशात 'वारा'च्या पुढे नियमांची खूण असली पाहिजे, एवढीच अट. ज्या कोशात सगळी रूपं सुटी सुटी ओतलेली असतात तिथे ही युक्ती चालत नाही.

तरीही सहकाऱ्याच्या फाइलमधला 'साताऱ्याला' शिल्लक राहतोच. तो आपल्या शब्दासारखा हुबेहूब दिसतो आणि तरी परका ठरतो.

मराठीत र आणि य जोडण्याच्या दोन तऱ्हा आहेत. 'सूर्य'मध्ये र रफार होऊन डोक्यावर चढतो. 'साताऱ्या'मध्ये तो वर न जाता य च्या अलीकडे लहानशा वळणाने टेकतो. हा फरक अर्थाचा आहे. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरांमधल्या. युनिकोडमध्ये दर्या पाच खुणांचा: द, र, हलन्त, य, काना. दऱ्या लिहायच्या मात्र दोन वाटा आहेत. एका वाटेत र च्या जागी नुक्तावाला ऱ घ्यायचा. खुणा पाचच राहतात. दुसरीत साधाच र घ्यायचा, पण हलन्तानंतर एक अदृश्य जोडखूण घालायची, म्हणजे खुणा सहा. या जोडखुणेला रुंदी नाही, आकार नाही, छापली तर कागदावर काही उमटत नाही. शेजारच्या अक्षरांना 'रफार करू नका' एवढं सांगून ती गप्प बसते. दोन्ही वाटांनी पडद्यावर येतं ते एकच चित्र. यंत्राच्या लेखी मात्र या दोन वेगळ्या माळा आहेत आणि युनिकोडच्या नियमांतही त्या एकमेकींच्या बरोबरीच्या मानलेल्या नाहीत.

त्या ऱ ची कथाही ऐकण्यासारखी आहे. युनिकोडच्या तक्त्यात हे अक्षर ठेवलं गेलं ते द्राविडी भाषांतला एक विशिष्ट र देवनागरीत उतरवता यावा म्हणून. त्याचं अर्धं रूप मराठीतल्या या 'ऱ्य'साठी वापरायचं ठरलं. दक्षिणेच्या उच्चारासाठी घडवलेलं अक्षर अशा रीतीने साताऱ्याच्या कामी आलं. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर ते शिफ्ट धरून 'जे'च्या कळेवर मिळतं. तिथेच शिफ्टशिवाय साधा र आहे. दुसऱ्या एखाद्या कीबोर्डवरून लिहिणाऱ्याकडून त्याच्या नकळत अदृश्य जोडखूण घातली जाते.

आणि ही जोडखूण वाटेत गळते. मजकूर एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात जाताना 'दिसत नाही म्हणजे कचरा' असं समजून ती पुसून टाकणारे प्रोग्रॅम आहेत. सहा खुणांच्या दऱ्यांमधून ती एक काढा. उरतात द, र, हलन्त, य, काना. म्हणजे दर्या! एक अदृश्य खूण गळाली आणि सह्याद्रीच्या दऱ्यांत समुद्र शिरला. इंटरनेटवरच्या बातम्यांत 'शेतकर्यांना', 'अधिकार्यांनी' अशी रफार चढलेली रूपं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. लिहिणाऱ्याच्या शुद्धलेखनाच्या नावाने आपण बोटं मोडतो, पण पुष्कळदा त्या बिचाऱ्याने बरोबरच लिहिलेलं असतं.

शंका आली तर ती तपासायची युक्ती अगदी सोपी आहे. वर्डमध्ये शब्दाच्या शेवटी कर्सर ठेवायचा आणि बॅकस्पेस एकेकदा दाबत जायचं. ती कळ देवनागरीत एका वेळी एकच खूण खोडते. 'साताऱ्याला' दहा दाबांत संपला तर नुक्तावाला ऱ होता. अकरा लागले, आणि मधल्या एका दाबाला कुठलंच अक्षर न जाता र चा नुसता आकार बदलला, तर तो जोडखुणेचा. कर्सरच्या मागच्या खुणेचा क्रमांकच हवा असेल तर ऑल्ट आणि एक्स एकत्र दाबावं. साध्या र ला ०९३० दिसतं, ऱ ला ०९३१. हंस्पेलच्या नियमांच्या फाइलीत 'आयकॉन्व्ह' नावाची सूचना देता येते, जिने एका माळेचं तपासणीपूर्वीच दुसरीत रूपांतर होतं. कोश बनवणाऱ्याने ती लिहिली असेल तर हा तंटा वापरणाऱ्याच्या कानावरही येत नाही. नसेल, तर 'शोधा आणि बदला' वापरून सगळ्या दस्तऐवजात एकच वाट पक्की करायची. मी स्वतः ऱ च्या बाजूचा आहे. जे अक्षर दिसतं ते गळत नाही.

'ॲ'चं भांडण याच जातीचं. 'ॲप' मधलं पहिलं अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे आलं २००८ साली. तोवर अ वर चंद्र चढवून काम भागवलं जायचं, कधी मध्ये तीच अदृश्य जोडखूण घालून. त्यामुळे एकसारख्या दिसणाऱ्या तीन माळा आज हिंडताहेत आणि 'ॲड' शब्द कोशात असूनही 'अॅड'खाली रेघ येते. आणि युनिकोडपूर्व काळातल्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर? तो मराठी नसतोच. रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर देवनागरीची चित्रं चढवलेली असतात. फॉन्ट बदलताच पानभर अगम्य रोमन अक्षरं उघडी पडतात. कोशात कितीही शब्द भरले तरी अशा पानाला त्यांचा उपयोग नाही. आधी मजकूर युनिकोडमध्ये आणायला हवा.

इतकं कळल्यावर दिसेल तो शब्द कोशात भरत सुटण्याचा मोह होतो. तो आवरावा, आणि यामागे मोजमाप आहे. जेम्स पीटरसन यांनी १९८६ मध्ये दाखवलं की कोश जितका मोठा, तितक्या जास्त चुका निसटतात, कारण एका शब्दाची चूक दुसऱ्याच खऱ्या शब्दावर जाऊन पडते. छोट्या यादीत अशा निसटत्या चुका २ टक्के, ५० हजार शब्दांच्या यादीत १० टक्के, साडेतीन लाखांच्या यादीत जवळपास १६ टक्के. मराठीत ऱ्हस्व-दीर्घाने हे आणखी टोकदार होतं. 'पाणि' म्हणजे हात हा शब्द संस्कृत जाणणाऱ्याने हौसेने कोशात घातला, की 'पाणि प्यायलो' बिनरेघेचं पास होतं. दिन आणि दीन, सुत आणि सूत यांचंही तसंच.

म्हणून जुन्या मंडळींनी उलटी यादीही ठेवली होती. मॅकिलरॉय यांचा प्रोग्रॅम प्रत्यय सोलायचा आणि त्या भरात इंग्रजीतलं 'दाय' हे सर्वनाम घेऊन त्याला तरतमाचा प्रत्यय लावायचा. त्यातून 'देअर' या शब्दाचं एक नेहमीचं चुकीचं स्पेलिंग रीतसर सिद्ध व्हायचं! अशा शब्दांसाठी 'नियमाने बरोबर वाटलं तरी चूकच समज' सांगणारी वेगळी यादी केली गेली. वर्डमध्ये त्याच यूप्रूफ फोल्डरात भाषावार वगळायच्या शब्दांच्या फायली असतात त्या या कामाच्या. त्यांच्यात घातलेला शब्द मुख्य कोशात असला तरी त्याच्याखाली रेघ येते. लिबरऑफिसच्या नकारार्थी यादीत तर चुकीच्या शब्दाशेजारी बरोबर शब्दही लिहिता येतो. 'शेतकर्यांना' आणि त्यापुढे 'शेतकऱ्यांना', 'अधिकार्यांनी' आणि त्यापुढे 'अधिकाऱ्यांनी', अशी पन्नासेक जोड्यांची यादी एखाद्या संपादकाने एका बैठकीत केली तर गळालेल्या जोडखुणांचा बराच हिशोब चुकता होईल. 'दर्या' मात्र तिच्यात घालता येणार नाही; कोळ्यांची गाणी छापायची असतील तर तो लागणारच.